पुरातन लष्करी रायफली : खरेदी व जतन

लष्करी सेवेतून निवृत्त झालेल्या, ज्यांच्या धर्तीचे उत्पादन बंद पडले आहे आणि ज्यांचे मोल आता युद्धसाधनापेक्षा ऐतिहासिक वस्तू म्हणून अधिक आहे, अशा लांब नळीच्या खांदाबंदुकांना पुरातन लष्करी रायफली म्हणतात. नळीच्या आतील पृष्ठभागावर कोरलेल्या पेचदार खाचा (आटे) हे रायफलीचे लक्षण होय. या आट्यांमुळे गोळीस स्वतःच्या अक्षाभोवती फिरण्याची गती मिळते व ती लांब पल्ल्यापर्यंत सरळ जाते. गुळगुळीत नळीच्या बंदुकीस (मस्केट) आटे नसतात. महाराष्ट्रात बोलीभाषेत दोहोंसही ‘बंदूक’ असेच म्हटले जात असल्याने जुन्या घरांतून आढळणाऱ्या ठासणीच्या मस्केटी व रायफली यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

अशी बंदूक विकत घेणे, वारसाहक्काने ताब्यात येणे किंवा माळ्यावर अकस्मात सापडणे, या तिन्ही प्रसंगी तीन प्रश्न उपस्थित होतात : ती नेमकी कोणती आहे, ती कायद्याने जवळ बाळगता येते काय, आणि तिचे जतन कसे करावे. या क्रमात बहुधा उलटापालट होते. बंदूक हाती येताच ती घासून चकचकीत करण्याकडे कल असतो. त्यामुळे ओळख पटविणाऱ्या खुणा पुसल्या जातात, आणि क्वचित आत राहिलेल्या बारामुळे प्राणावरही बेतते.

विकास व प्रमुख प्रकार : सतराव्या-अठराव्या शतकांत दख्खनमध्ये तोडेदार बंदूक सर्वत्र रूढ होती. पेटता तोडा (जामगी) कानातील रंजकीवर टेकवून तिचा बार उडविला जाई. लांब व जड नळी, अरुंद दस्ता आणि नळीस दस्त्याशी बांधणाऱ्या पितळी किंवा चामडी पट्ट्या हे तिचे रूप होय. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींकडे चकमकीची गुळगुळीत मस्केट असे. तिचा अंतर्व्यास सु. १९ मिमी. होता. तिच्या ‘इंडिया पॅटर्न’ या प्रकाराचा ब्रिटिश सैन्याने १७९७ मध्ये स्वीकार केला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चकमकीच्या जागी आघाताने पेटणारी तांब्याची टोपी (केप) आली. अशा बंदुकांस मराठीत टोपीची किंवा केपाची बंदूक असे नाव पडले.

सर्वसामान्य शिपायाच्या हाती रायफल आली ती मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीमुळे. तत्पूर्वी आट्यांच्या नळीत घट्ट बसणारी गोळी ठोकून ठासावी लागे व त्यात वेळ जाई. मिन्येची लांबट गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असून तिचा तळ पोकळ होता. ती सहज आत उतरे आणि बार उडताच वायूच्या दाबाने तिचा तळ फुगून आट्यांत घट्ट बसे. या तत्त्वावर एन्फील्ड येथील सरकारी कारखान्यात १८५३ ची एन्फील्ड रायफल सिद्ध झाली. तिचा अंतर्व्यास १४·६६ मिमी., नळीची लांबी ९९ सेंमी., एकूण लांबी सु. १४० सेंमी. व वजन सु. ४·३ किग्रॅ. असून नळीत तीन आटे होते. नळी तीन लोखंडी पट्ट्यांनी दस्त्याशी जखडलेली असे. याच रायफलीच्या कागदी काडतुसांस लावलेल्या चरबीवरून १८५७ च्या उठावास तोंड फुटले. उठावानंतर सरकारने हिंदी पलटणींना आट्यांची शस्त्रे न देण्याचे धोरण पत्करले. बाह्यतः एन्फील्डसारख्याच, परंतु आतून आटे नसलेल्या व सु. १६·७ मिमी. अंतर्व्यासाच्या मस्केटी त्यांच्यासाठी तयार करण्यात आल्या. भारतात आढळणारी ‘एन्फील्ड’ पुष्कळदा या जातीची असते. नळीच्या तोंडातून पाहिल्यास आटे दिसत नाहीत, कारण ते झिजलेले नसून मुळातच नव्हते.

१८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने जेकब स्नायडर या अमेरिकनाची योजना स्वीकारली. तीनुसार एन्फील्डच्या नळीचा मागील भाग कापून तेथे उजवीकडे उघडणारे बिजागरीचे झाकण बसविले जाई व मागून धातूचे काडतूस भरता येई. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री ही मुळातच पार्श्वभरणाची (मागून भरावयाची) रायफल प्रचारात आली. दस्त्याखालील तरफ खाली ओढताच तिचा ठोकळा पुढील बाजूने खाली झुकतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते व नवे भरता येते. तिची गोळी सु. ११·४ मिमी. व्यासाची व ३१ ग्रॅ. वजनाची असून तीमागे ५·५ ग्रॅ. काळी दारू असे. नळी ८४ सेंमी. लांब असून तीत सात आटे होते. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड ही ७·७ मिमी. (०·३०३ इंच) अंतर्व्यासाची, काडतुसांची पेटी असलेली रायफल आली. धूररहित कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने तिचे उथळ आटे लवकर झिजू लागल्याने १८९५ मध्ये खोल आट्यांची ली-एन्फील्ड तिच्या जागी आली. तिचा आखूड प्रकार १९०३ मध्ये आणि त्याची सुधारित आवृत्ती १९०७ मध्ये स्वीकारली गेली. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिकांच्या हाती हीच रायफल होती. बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात तिचे उत्पादन झाले, तर काडतुसे पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यातही बनत. पोलिसांसाठी ईशापूर येथे काही ली-एन्फील्ड रायफलींची नळी बदलून त्या एकबारी, गुळगुळीत नळीच्या मस्केटी करण्यात आल्या. अंतर्व्यासाच्या आकड्यावरून ‘चारशे दहा’ हे नाव त्यांना पडले.

ब्रिटिश पलटणींना नवे शस्त्र व हिंदी पलटणींना त्याच्या मागील पिढीचे, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू होती. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे झालेल्या लढाईत ६६ व्या ब्रिटिश पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, तर तिच्या बाजूस लढणाऱ्या मुंबई ग्रेनेडियर्स व जेकब्ज रायफल्स या मुंबई सैन्याच्या पलटणींजवळ स्नायडर होत्या. बंदुकीवरील वर्ष हे ती घडविल्याचे वर्ष असते. ती हिंदी शिपायाच्या हाती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आलेली असू शकते, हे संग्राहकाने ध्यानात घेतले पाहिजे.

हिंगोली परिसर : जुन्या शस्त्रांच्या दृष्टीने मराठवाड्याचा इतिहास पश्चिम महाराष्ट्राहून वेगळा आहे. औंढा नागनाथ व हिंगोली हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली येथे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट या, निजामाच्या खर्चाने व ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेची छावणी होती. या फौजेचा उगम १८१३ मध्ये हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने उभारलेल्या ‘रसेल ब्रिगेड’मध्ये आहे. १८१९ मध्ये तिने पैनगंगेच्या परिसरातील नोवा येथील हटकर नाईकांची गढी वेढा घालून घेतली. हे नाव पुढे तिच्या पलटणींस युद्धसन्मान म्हणून देण्यात आले. १८५३ च्या तहाने फौजेची पुनर्रचना झाली आणि १८५८ मध्ये सर ह्यू रोझ याच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत तिच्या तुकड्या लढल्या. १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाले. तिच्या पायदळ पलटणींची १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली व तीच १९४५ पासून कुमाऊँ रेजिमेंट या नावाने ओळखली जाते.

याखेरीज निजामाच्या मुलखात अरब व रोहिले यांच्या भाडोत्री तुकड्या होत्या. देशमुख-देशपांड्यांच्या गढ्यांतूनही शस्त्रे असत. १८७८ चा शस्त्र कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानी मुलखात शस्त्रांसंबंधीची व्यवस्था संस्थानाची स्वतःची होती. १९४८ मध्ये सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमानांनी हैदराबादेस चोरून शस्त्रे पोहोचविली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील पोलीस कारवाईने संस्थान भारतात विलीन झाले. त्यामुळे या भागातील जुनी बंदूक तोडेदार, कंटिंजंटच्या काळातील टोपीची, किंवा १९४८ च्या धामधुमीतील ली-एन्फील्ड अशी कोणत्याही काळातील असू शकते. पहिल्या दोन पुरावस्तू ठरू शकतात. तिसरी मात्र आजही चालू शकणारे, कायद्याने कडक नियंत्रणाखाली असलेले शस्त्र होय. घरात सांगितली जाणारी हकीकत आणि प्रत्यक्ष वस्तू यांचा मेळ खुणांवरूनच घालावा लागतो.

खुणा व ओळख : ब्रिटिश लष्करी बंदुकांवरील खुणा हा त्यांचा दप्तरी इतिहास असतो. एन्फील्ड व स्नायडर यांच्या घोड्याच्या चापपट्टीवर (लॉक) मुकुट, वर्ष आणि ‘एन्फील्ड’ किंवा ‘टॉवर’ हे शब्द कोरलेले असतात. ‘टॉवर’ म्हणजे खाजगी कारागिरांनी तयार करून सरकारी तपासणीत उतरलेली बंदूक. मार्टिनी-हेन्रीवर ही माहिती ठोकळ्याच्या घराच्या उजव्या बाजूस असते. ली-एन्फील्डवर ती दस्त्याच्या पुढील लोखंडी पट्ट्यावर आढळते. सरकारी मालकीची खूण रुंद बाणाची आहे. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ हे अक्षर असल्यास शस्त्र भारत सरकारच्या मालकीचे होते असे समजावे. टोकास टोक भिडलेले दोन बाण म्हणजे ते सेवेतून काढून विकले गेले होते. ‘डीपी’ ही अक्षरे ते केवळ कवायतीपुरते राखून ठेवल्याचे दर्शवितात. अशा रायफलीतून बार काढणे तेव्हाही निषिद्ध होते. स्वातंत्र्योत्तर काळात ईशापूरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाची सिंहमुद्रा आली. ली-एन्फील्डच्या दस्त्यावर पुष्कळदा एक पितळी चकती असते. तिच्यावर पलटणीची आद्याक्षरे, शस्त्राचा क्रमांक व वर्ष असते. एखादी रायफल कोणत्या पलटणीत होती हे सांगणारा हा एकमेव पुरावा अनेकदा ठरतो.

लाकडावरही तपासनिसांचे व कारखान्यांचे शिक्के असतात. ते उथळ असल्याने काचकागदाच्या दोन-चार हातांत नाहीसे होतात. ली-एन्फील्डच्या नळीवरील, खटक्याच्या दांड्यावरील (बोल्ट), मागील निशाणीवरील व पुढील टोपणावरील क्रमांक एकच असल्यास रायफल मूळ स्थितीत आहे असे मानतात. वेगळे असल्यास भाग बदललेले असतात. दांडा बदललेला असणे ही केवळ संग्राहकाच्या दृष्टीने उणीव नाही. काडतुसामागील अंतर बिघडल्याने ती धोक्याची बाबही असते.

बनावट व नकला : वायव्य सरहद्दीवर, विशेषतः दर्रा आदमखेल येथे, गावठी कारागीर एकोणिसाव्या शतकापासून मार्टिनी-हेन्री व ली-एन्फील्ड यांच्या हुबेहूब प्रतिकृती बनवीत आले आहेत. त्यांची घडण कौशल्याची असली, तरी खुणा नजरेने उतरविलेल्या असल्याने चुका राहतात. अक्षरे उलटी किंवा ओळीबाहेर असतात, मुकुट बेडौल असतो. व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे आणि १९०१ नंतरचे वर्ष एकत्र दिसल्यास बनावटीविषयी शंका उरत नाही, कारण राणी त्या वर्षाच्या जानेवारीत निवर्तली. अशा नकलांच्या पोलादाचा भरवसा नसतो. नेपाळमध्येही मार्टिनीच्या धर्तीची ‘गहेंद्र’ रायफल तयार झाली होती. ती मात्र बनावट नव्हे, तर त्या देशाच्या लष्करी शस्त्रनिर्मितीचा भाग होय. २००३ मध्ये काठमांडू येथील जुन्या शस्त्रागारात साठून राहिलेल्या हजारो ब्रुन्सविक, एन्फील्ड, स्नायडर, मार्टिनी व गहेंद्र बंदुका दोन अमेरिकी व्यापारी संस्थांनी विकत घेतल्या. त्यामुळे जगभरच्या संग्राहकांना या जाती प्रथमच मोठ्या संख्येने उपलब्ध झाल्या. धूळ, वाळलेले वंगण आणि वाळवी यांनी ग्रासलेल्या या साठ्याने जतनाच्या पद्धतींनाही चालना दिली.

कायदेशीर बाजू : भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक आहे. तो जिल्हादंडाधिकारी किंवा, जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे, पोलीस आयुक्त देतात. याच अधिनियमाच्या ४५ व्या कलमात काही अपवाद आहेत. त्यांपैकी एक, कालबाह्य धर्तीच्या, पुरातन मूल्य असलेल्या किंवा मोडकळीस आलेल्या शस्त्रांसंबंधी आहे. परंतु ते शस्त्र दुरुस्त करून अथवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसले पाहिजे, ही त्यातील अट महत्त्वाची आहे. गंजून घोडा जाम झालेली बंदूक ‘निकामी’ वाटते. मात्र दुरुस्तीने ती चालू होणार असेल, तर हा अपवाद तिला लागू होत नाही. म्हणजेच वस्तू जितकी कुशलतेने दुरुस्त होण्याजोगी, तितकी ती कायद्याच्या कक्षेत अधिक येते.

२०२० मधील दुरुस्तीने ‘क्युरिओ’ (संग्राह्य दुर्मिळ वस्तू) या वर्गातील लहान शस्त्रे मिळविण्यास व बाळगण्यास भारतीय नागरिकांस परवान्याची आवश्यकता राहिली नाही. मात्र ती वापरण्यास, बरोबर नेण्यास किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे हलविण्यास परवाना लागतो, आणि परवान्यावर नोंद असल्याखेरीज त्यांच्यासाठी काडतुसे विकता येत नाहीत. विशिष्ट बंदूक या वर्गात मोडते काय, हे मालकाने स्वतः न ठरविता परवाना अधिकाऱ्याकडून लेखी ठरवून घेणे इष्ट ठरते.

०·३०३ इंच हा ली-एन्फील्डचा अंतर्व्यास भारतात ‘निषिद्ध अंतर्व्यास’ (प्रोहिबिटेड बोअर) या वर्गात मोडतो. तिच्यासाठीचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत असून तो सर्वसामान्य परवाना नव्हे. त्याच रचनेवर आधारलेली, परंतु ०·३१५ इंच अंतर्व्यासाची ईशापूरची शिकारी रायफल मात्र सर्वसाधारण परवान्यावर मिळू शकते. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू आहे. शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर वा चाचणी व्यवसाय म्हणून करण्यास वेगळा परवाना लागतो, आणि नळी आखूड करणे किंवा नकली बंदुकीचे अग्निशस्त्रात रूपांतर करणे विनापरवाना करता येत नाही.

परवानाधारक मृत झाल्यास किंवा विनापरवाना शस्त्र घरात आढळल्यास कलम २१ नुसार ते विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा विहित अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसास योग्य परवाना मिळाल्यावर ते परत घेता येते. जुनी बंदूक सापडल्याचे भयाने लपविणे किंवा विहिरीत टाकणे असे प्रकार घडतात. त्यांत कायद्याचा भंग तर होतोच, शिवाय स्थानिक इतिहासाचे साधनही नष्ट होते.

शंभर वर्षांहून जुनी व ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ च्या कक्षेतही येते. हा अधिनियम १९७६ मध्ये अंमलात आला. त्यानुसार पुरावस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो. खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाही. तो अधिकार केंद्र सरकार व त्याने प्राधिकृत केलेल्या संस्थांपुरता आहे. परदेशांतील नियम वेगळे आहेत. अमेरिकेत १८९८ वा त्यापूर्वी बनलेली बंदूक संघीय कायद्याने ‘पुरातन’ मानतात. ब्रिटनमध्ये २०२१ पासून १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची निर्मिती व काडतुसाचा कालबाह्य प्रकार हे निकष आहेत. तेथील व्याख्यांवर विसंबून भारतात खरेदी करणे चुकीचे ठरते.

खरेदी : खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा परवानाधारक व्यक्तीकडून रीतसर हस्तांतराने करावी. खरेदीपूर्वी पुढील क्रमाने पाहणी करतात. प्रथम शस्त्र रिकामे आहे याची खात्री करावी. नंतर खुणांची नोंद घ्यावी, नळी, घोडा व दस्ता एकाच काळातील आहेत काय ते पाहावे, लाकडातील भेगा व वाळवीची पोखरण तपासावी आणि स्क्रूंची डोकी पाहावीत. चुकीच्या पेचकसाने फाटलेली स्क्रूंची डोकी शस्त्र पूर्वी अडाणीपणे उघडल्याचे सांगतात. पुरातन शस्त्राचे मोल त्याच्या चकाकीत नसून अस्सलपणात असते. तपकिरी छटा चढलेली, परंतु न घासलेली बंदूक ही पुन्हा पॉलिश केलेल्या चमकदार बंदुकीपेक्षा अधिक मोलाची मानली जाते. पूर्वमालकाची कागदपत्रे, जुना परवाना, पलटणीचे दाखले वा छायाचित्रे यांमुळे तिचे मोल वाढते. ती वस्तूबरोबरच राखावीत.

सुरक्षितता : ठासणीच्या जुन्या बंदुका भरलेल्या स्थितीत सापडणे हे अपवादात्मक नाही. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू कोरडी राहिल्यास शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. म्हणून लाकडी गज नळीत तळापर्यंत सोडावा आणि नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी. मग तो नळीबाहेर तिला समांतर धरून पाहावा. गजाचे टोक कानापर्यंत पोहोचत नसेल, तर आत बार आहे असे समजावे. असा बार घरी काढण्याचा यत्न करू नये व नळीस उष्णता मुळीच देऊ नये. बंदूक तोंड निर्जन दिशेस करून ठेवावी व पोलिसांस कळवावे. पार्श्वभरणाच्या रायफलीत ठोकळा किंवा दांडा उघडून काडतूसघर डोळ्यांनी तपासावे.

जतन केलेल्या पुरातन रायफलीतून बार काढू नये. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या नळीत दस्त्याखाली झाकलेल्या जागी गंजाने खोल खड्डे पडलेले असू शकतात. शिवाय काळ्या दारूसाठी घडविलेल्या नळीत धूररहित दारू वापरल्यास दाब कित्येक पटींनी वाढून नळी फुटते.

पुनःस्थापन व जतन : वस्तूचा ऱ्हास थांबविणे हे जतन, आणि तिचे हरपलेले रूप परत आणणे हे पुनःस्थापन होय. पहिले नेहमीच आवश्यक असते, दुसरे क्वचित. पुनःस्थापनाचे सर्वमान्य तत्त्व असे की, नवे काम परत काढता यावे व जुन्यापासून ओळखता यावे. औंढा नागनाथाच्या मंदिरात याचे एक सहज उदाहरण दिसते. त्याचा शिल्पांकित खालचा भाग काळ्या दगडाचा यादवकालीन घडणीचा असून वरील भाग नंतरच्या काळात वीट व चुना यांत बांधला गेला. परंपरेने त्याचे श्रेय अहिल्याबाई होळकर यांना दिले जाते. साहित्यातील या भेदामुळे जुने कोठे संपते व नवे कोठे सुरू होते, ते पाहणाऱ्यास लगेच कळते. रायफलीच्या तुटलेल्या दस्त्यास नवे लाकूड जोडतानाही हेच पथ्य पाळावे. जोड मजबूत असावा, परंतु त्यावर खोटे शिक्के मारून तो मूळचा भासवू नये.

कामास हात घालण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत व मापे नोंदवावीत. भाग सोडविताना प्रत्येक स्क्रू कोणत्या छिद्रातील, हे टिपून ठेवावे. हाताने बसविलेल्या जुन्या स्क्रूंची अदलाबदल चालत नाही. अडकलेल्या स्क्रूवर पातळ तेल सोडून काही दिवस थांबावे. बळ लावल्यास डोके तुटते. घोड्याच्या चापपट्टीतील मोठी कमान दाबून धरण्याच्या विशिष्ट शिकंजाखेरीज काढू नये.

धातू : लाल, भुसभुशीत गंज हा चालू असलेला ऱ्हास होय. काळसर-तपकिरी, घट्ट थर हा स्थिर असतो व तो राखावा. एन्फील्डच्या काळात नळ्यांस नियंत्रित गंज चढवून तपकिरी रंग देण्याची पद्धत होती. म्हणजेच जो थर घासून काढावयाचा मोह होतो, तो कधीकधी कारखान्यातील मूळ लेप असतो. लाल गंजावर हलके तेल लावून, मऊ पितळी तारेच्या कुंच्याने किंवा अतिसूक्ष्म पोलादी लोकरीने तो हळुवारपणे काढावा. आम्ल, काचकागद व फिरती यंत्रे वर्ज्य होत. नळीतील काळ्या दारूची राख हवेतील ओलावा शोषते. ती तेलात विरघळत नाही, म्हणून साबणाच्या गरम पाण्याने धुऊन नळी पूर्ण कोरडी करतात व मगच तेल लावतात. जुन्या ०·३०३ काडतुसांच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटपासून बनणारा क्षारही याच प्रकारचा असतो. त्यामुळे नुसत्या तेलाने पुसलेल्या रायफली आतून गंजतात. स्वच्छ झालेल्या धातूवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर द्यावा. पितळी पट्ट्या व चकत्या चिंच, राख किंवा रांगोळी यांनी घासण्याची घरगुती रीत टाळावी. काही वर्षांत अक्षरे पुसट होतात.

लाकूड : एन्फील्डपासून ली-एन्फील्डपर्यंतचे दस्ते बहुधा अक्रोडाचे असून त्यांवर जवसाचे तेल मुरविलेले असे. मळ काढण्यासाठी किंचित ओलसर मऊ फडके पुरते. काचकागद लावल्यास लाकूड धातूच्या कडेपेक्षा खाली जाते आणि शिक्के नष्ट होतात. जवसाचे तेल पुनःपुन्हा लावल्यास कालांतराने काळपट, चिकट थर बसतो. म्हणून कोरड्या लाकडास ते अल्प प्रमाणात लावावे किंवा मेणच वापरावे. भेगांत परत काढता येईल असा सरस वापरणे योग्य ठरते.

निगा व साठवण : सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर असणे लोखंड व लाकूड दोहोंस मानवते. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या कोरडेपणाने दस्ते आकसतात व पावसाळ्यात फुगतात. कोकणात खारी हवा लोखंड खाते. चामडी म्यान, घोंगडी किंवा वर्तमानपत्र यांत गुंडाळून ठेवलेली शस्त्रे लवकर गंजतात. हात लावताना सुती मोजे घालावेत, कारण घामातील क्षारांचे ठसे काही दिवसांत लाल होतात. महाराष्ट्रात खंडेनवमीस शस्त्रपूजन करण्याची परंपरा आहे व अनेक घरांत शस्त्राची वर्षातून एकदाच निगा राखली जाते ती याच निमित्ताने. पूजेतील ओले गंध, हळदकुंकू व फुले वस्तूवर तशीच राहिल्यास त्यांखाली गंज धरतो. पूजेनंतर ती मऊ फडक्याने टिपून काढल्यास परंपरा व वस्तू दोन्ही सुरक्षित राहतात. शस्त्र कुलूपबंद ठेवणे हे परवान्याच्या दृष्टीने व घरातील मुलांच्या दृष्टीनेही आवश्यक होय.

संग्रहालये : खाजगी जतन शक्य नसल्यास शस्त्र संग्रहालयास देण्याचा मार्ग मोकळा असतो. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि हैदराबादचे सालारजंग संग्रहालय येथे जुन्या शस्त्रांचे संग्रह आहेत. वस्तूंच्या शास्त्रीय जतनासाठी लखनौ येथे १९७६ मध्ये राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली आहे. देणगी देताना वस्तूबरोबर तिची हकीकतही लेखी द्यावी. ती कोठे सापडली, कोणाच्या घरात होती व कोणत्या खुणा तिच्यावर होत्या, ही माहिती एकदा तुटली की परत जुळविता येत नाही. दप्तरांतून वरिष्ठ अधिकाऱ्यांची नावे मिळतात. ज्या शिपायाने ती रायफल खांद्यावर वाहिली, त्याची खूण पुष्कळदा दस्त्यावरील झिजेत व पितळी चकतीवरील क्रमांकातच तेवढी उरलेली असते.

[⟶ तोफ व तोफखाना, बंदूक, शस्त्रसंभार]